आधी पाणी

२०२२ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लागली आहेत, पण दाखला मास्तरांनी अंदाजानं लिहिला आणि जन्म आईनं दिला, म्हणून मी आईचा हिशोब धरतो. शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यातली तिसरी दोनदा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं बॉयलरचं काही येईल, तेव्हा कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला यातलं काय कळतं. काही कळत नाही. मी सांगणार आहे ते वैशालीचं.

भूगावात आमचं घर रस्त्यापासून जरा आत आहे. आता तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, त्यामुळं अंगणात ऊन उशिरा येतं. घरामागं चार खोल्या काढल्यात, त्या भाड्यानं देतो. आणि अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, आमचा तांब्याचा बंब. मुलगा बावधनला फ्लॅटात राहतो. तो दर दिवाळीला म्हणतो, नाना, गिझर बसवू. मी म्हणतो, भिंतीतून येणारं गरम पाणी मला मानवत नाही.

बंब पेटवायची माझी रीत ठरलेली. आधी जाळ, मग पाणी. आमच्याकडं पावसात लाकूड भिजतं आणि ते थंडीपर्यंत ओल धरून राहतं. जाळ नीट धरेस्तोवर वेळ जातो. तेवढ्यात टाकीवरनं बादल्या आणायच्या नि वरून ओतायच्या. माझी आई असंच करायची, मीही तसंच करत आलो. बंबाची कधी तक्रार नव्हती.

थंडीचे दिवस होते. मी जाळ घातला आणि बादली घेऊन टाकीकडं निघालो, तर वाटेत शेजाऱ्यानं गाठलं. त्याच्या भाडेकरूची गाडी माझ्या फाटकापुढं लागते, ते भांडण जुनं आहे. ते रोजच्यापुरतं भांडून परत आलो, तर अंगणात एक बाई उकिडवी बसलेली. अंगात निळे जाड कापडाचे कपडे, पायात पुरुषांचे जड बूट, डोक्याला रुमाल. माझाच चिमटा घेऊन ती माझ्या बंबातली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढत होती.

"काय चाललंय हितं?" मी म्हणालो.

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "नाना तुमीच का? ह्याच्यात पाणी नाई ना."

"मग? आणतुया की."

"मंग आग काहून लावली आधी?"

"बंब कुणाचा हाय?"

"तुमचाच आहे ना जी." शेवटचं लाकूड तिनं ओढलं, मातीत घोळसून विझवलं. मग बंबाच्या अंगाला हाताची मागची बाजू नुसती टेकवली आणि काढून घेतली. "तापला आहे. थोडं थांबा, मंग टाका पाणी. मी खोली पाहाले आली होती."

खोली द्यायची नाही हे मी तिथंच ठरवलं. जी बाई खोली बघायच्या आधी घरमालकाचा जाळ विझवते, ती राहायला आल्यावर काय करील. पण आमची मंडळी ओसरीवरनं सगळं बघत होती. ती तिला आत घेऊन गेली, चहा दिला आणि चहा पिऊन होईस्तोवर खोलीही दिली. मला कुणी विचारलं नाही.

वैशाली अकोल्याकडची. वय चौतीस-पस्तीस. घरी कोण, माणसं कुठं, हे मी कधी विचारलं नाही. मंडळीला सगळं ठाऊक आहे. मला ठाऊक आहे ते तिच्या कामाचं. पिरंगुटच्या बाजूला सॉस आणि लोणची करणारा एक कारखाना आहे, तिथल्या बॉयलरवर ती होती. टोमॅटो शिजतो वाफेवर, आणि वाफ करणारी ही. संध्याकाळी गाडी लावायची तेव्हा अंगणात धुराचा आणि शिरक्याचा असा मिळून वास यायचा. मंडळीला त्या वासानं भूक लागायची, मला ठसका.

तिचा डिप्लोमा झालेला होता आणि बॉयलर चालवायचा लहान परवानाही होता. पण सगळ्या बॉयलरघराचा ताबा घ्यायचा तर इंजिनिअरची मोठी परीक्षा पास व्हावी लागते. आधी लेखी, मग मुंबईला तोंडी. ती परीक्षा झालेल्या माणसाचं सर्टिफिकेट चौकटीत घालून तिथं भिंतीवर टांगलेलं असतं. त्या भिंतीवर तिच्या साहेबांचं होतं. साहेब माणूस चांगला. त्यांनीच तिला शिकवलं, स्वतःची पुस्तकं दिली. पण ते वर ऑफिसात बसायचे आणि खाली बॉयलर ही सांभाळायची. बाहेरचा कुणी आला की आधी भिंतीकडं बघायचा आणि हिला विचारायचा, "ये साहब किधर है?"

"आणि मी म्हणतो, वरते आहेत, बोलावतो," ती मंडळीला सांगत होती. "इतकी वर्षं झाली काकू, मी बोलावूनच राहिली. एखाद्या दिवशी वाटते म्हणाव, मीच आहे. पण मी नाई ना. भिंतीवर जो असते तोच असते."

हे ती रडून सांगत नव्हती. शेंगा निवडता निवडता सांगत होती.

तिच्या एक-दोन सवयी मला आधी खटकल्या आणि मग त्यांच्यावाचून करमेना. पहिली ही, की पाण्याचं काहीही दिसलं की त्यात डोकवायचं आणि तोंडानं म्हणायचं, "पाणी दिसते." सकाळी कामावर निघताना माझ्या बंबात डोकवायची. मंडळीनं चहाचं आधण ठेवलं की त्यात डोकवायची. एकदा आमच्याबरोबर वरातीला आली होती, तिथं जनरेटरवाल्याच्या गाडीचं झाकण उघडं होतं, त्यात डोकवून म्हणाली, "नाई दिसत," आणि त्याला पाणी भरायला लावलं. मी विचारलं, बघितलंस ना, मग बोलायचं कशाला? तर म्हणाली, "बॉयलरले काचेची नळी असते नाना. त्या नळीत पाणी दिसते तवर सगळं बरं. पण रोज रोज पाहून डोळे शेफारतात. न पाहताच पाहिलं म्हणतात. तोंडानं म्हणाचं असलं का डोळ्याले पाहाच लागते."

दुसरी सवय हाताची. कशाचीही ऊब बघायची तर हाताची मागची बाजू. तवा असो, लेकराचं कपाळ असो. का, तर म्हणे तळहात भाजला की काम थांबतं, मागची बाजू भाजली तरी दांडा धरता येतो.

आणि वाफेबद्दल तिचं ठाम मत होतं की जी दिसते ती वाफच नव्हे. हे मला पटेना. सत्तर वर्षं वाफ बघतोय मी. तिनं चहाची किटली उकळायला ठेवली आणि नळीच्या तोंडाकडं बोट केलं. "तिथं पाहा. तोंडाशी काईच नाई, अन् वर ढग. ढग म्हणजे पाणी झालं. वाफ मधात आहे. जी दिसत नाई ना, तीच चावते."

मी तिथं बोट धरून बघितलं. खरं होतं.

बंबावरनं मात्र आमचं रोज जुंपायचं. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायला आणि माझी काडी ओढायला एकच गाठ.

"नाना, आधी पाणी."

"माझ्या बंबाला सर्टिफिकेट लागत न्हाई."

"बंबाले नाई लागत. पेटवणाऱ्याले लागते."

"तुला तरी कुटं मिळालंय अजून?"

हे बोलल्यावर ती हसायची आणि गाडीला किक मारायची. मंडळी माझ्याकडं बघायची, पण मला काही वाटायचं नाही. खरं तेच बोललो होतो.

पुढच्या वर्षी ती लेखी परीक्षा पास झाली. मंडळीनं शिरा केला. मग तोंडीला बोलावणं आलं. इस्त्रीची साडी नेसून, मला आणि मंडळीला वाकून नमस्कार करून ती चांदणी चौकातून मुंबईच्या गाडीत बसली. संध्याकाळी परत आली ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. मंडळीनं पाणी दिलं. तिनं तांब्यात पाहिलं आणि काही म्हणाली नाही. तिथंच मला कळलं.

झालं ते असं. तीन साहेब होते. कुणी वाईट वागलं नाही. बस म्हणाले, पाणी पी म्हणाले. यंत्राची नावं विचारली, ती सांगितली. मग मधल्या साहेबांनी विचारलं, "बॉयलर चालू आहे, आग आहे, आणि काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

आता हे तिचं रोजचं. हेच ती कारखान्यात नव्या माणसांना पहिल्या दिवशी हातानं करून दाखवायची. आणि तिच्या तोंडातून गेलं, "पाणी सोडीन."

मी म्हणालो, "मग? बराबरच हाय की."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. "नाना, कोरडा तापलेला बॉयलर. लोखंड लाल झालेलं. त्याच्यात थंडं पाणी सोडलं का एका दमात वाफ होते सगळ्याची. मंग बॉयलर राहत नाई, बॉयलरघर राहत नाई, अन् जो पाणी सोडते तोही राहत नाई. पहिले आग बंद कराची असते. पाणी द्याचंच नाई."

"मग असं बोललीस कशाला?"

तिनं तांब्या पायरीवर ठेवला. "घरातली बाई बोलली," ती म्हणाली. "भाजी करपली, टाक पाणी. दूध उतू चाललं, मार शिंतोडा. आजीनं तेच केलं, मायनं तेच केलं. चुलीपाशी काई बिघडलं का आपला हात पहिले पाण्याकडं जाते. बॉयलरवर माझा हात शिकला नाना. तोंड नाई शिकलं. तोंडाले कोणी विचारलंच नाई कधी."

साहेबांनी पुन्हा विचारलं होतं, "पाणी सोडाल?" म्हणजे त्यांनी संधी दिली होती. पण तोवर हिचे हात नुसतेच टेबलावर नसलेला दांडा फिरवून आग बंद करत होते. तोंडातून शब्द नाही. साहेबांनी हाताकडं पाहिलं नाही.

त्यातच कारखान्यात गोष्ट निघाली. तिला शिकवणारे साहेब पुढच्या पावसाळ्यानंतर निवृत्त होणार होते आणि नवा, मोठा बॉयलर येणार होता. मालकांनी हिला बोलावून सरळ सांगितलं, तोवर तुझा कागद आला तर ताबा तुझा. नाहीतर बाहेरचा सर्टिफिकेटवाला आणावा लागेल, माझा इलाज नाही. तो आला की तरणा असणार, वीस-पंचवीस वर्षं राहणार. म्हणजे वैशालीनं उरलेल्या नोकरीभर "वरते आहेत, बोलावतो" म्हणायचं.

तोंडी पुन्हा देता येत होती. एकदाच, त्या मुदतीत.

तिनं आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "मले अभ्यासाले बसल्यावर नका विचारू. तवा सगळं येते. मले भलत्या वेळेले विचारा. दचकवून विचारा."

दचकवणं हे काम मला जमण्यासारखं होतं. बाकीचे प्रश्न इंग्रजी नावांचे, ते माझ्या जिभेवर बसेनात. मी एकच धरला. ती दोरीवर कपडे वाळत घालत असली की मी मागनं जायचो नि म्हणायचो, "पाणी दिसंना. काय करशील?"

"आग बंद. पाणी नाई. माणसं मागं. थंडं होऊ देईन."

पहिल्या दिवसांत हे असं सरळ येत नव्हतं. आधी हात उठायचा, हवेत दांडा फिरवायचा, आणि मग मागनं कधीतरी शब्द यायचे. कधी "पा" एवढं निघून ती जीभ चावायची. मी म्हणायचो, "मेलीस. मी बी मेलो. काकू बी मेली." ती म्हणायची, पुन्हा विचारा.

पिठाच्या गिरणीत रांगेत विचारलं. भाजी घेताना विचारलं. गावच्या उत्सवात पंगतीला बसली होती, तोंडात बुंदी होती, तिथं विचारलं. बुंदीसकट तिनं उत्तर दिलं, शेजारची बाई दचकून सरकून बसली. मग मंडळीनं सुरू केलं, मग बाकीच्या तीन खोल्यांनी. त्यातला एक आयटीवाला मुलगा रोज सकाळी दात घासता घासता ओरडायचा, "मॅम, नो वॉटर," आणि हिच्या खोलीतून आवाज यायचा, "आग बंद. पाणी नाई." गल्लीतल्या ठाऊक नसलेल्या माणसाला वाटलं असतं, टँकरवरनं भांडणं चाललीत.

तरी पण तिचं समाधान नव्हतं. "हात अजून पुढं पळते," म्हणायची. "तोंड मागून येते."

मग ती थंडी आली. मार्गशीर्ष असेल. मी नेहमीप्रमाणं जाळ घातला. जाळ चांगला धरला, कारण त्या साली लाकूड कोरडं मिळालं होतं. बादली घेऊन टाकीवर गेलो तर टाकी रिकामी. मोटार लावली तर वीज गेलेली. म्हटलं येईल आता, आणि फाटकापाशी उभा राहिलो, तर शेजाऱ्याच्या भाडेकरूची गाडी. त्यात किती वेळ गेला ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. मंडळीनं हाक मारली, "अहो, बंब बघा."

बंबाचा रंग बदलला होता. तोटीपाशी जोडाचा डाख वितळून थेंब थेंब गळत होता. आत काही नव्हतं, नुसता कोरडा जाळ. मंडळी स्वयंपाकघरातली प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन धावत आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि बंबाच्या तोंडाशी उचलली.

"थांबा."

असा आवाज मी त्या बाईचा आधी ऐकला नव्हता. केस ओले, एका पायात चप्पल, अशी ती खोलीतून आली आणि माझ्या आणि बंबाच्या मधे उभी राहिली.

"आग बंद. पाणी नाई. माणसं मागं."

"सरक, बंब जळतुया माझा."

"जळू द्या. थंडं होऊ देईन. मागं व्हा नाना."

"बंब कुणाचा हाय?"

"आत्ता माझा आहे," ती म्हणाली. "मागं."

मी माझ्या बापाचं ऐकलं नव्हतं. रस्त्याच्या मोजणीला आलेल्या साहेबाचं ऐकलं नव्हतं. पण कळशी खाली ठेवली. तिनं चिमट्यानं सगळी लाकडं ओढली, निखारे ओढले, आणि अंगणात आम्हा कुणाला येऊ दिलं नाही. त्या दिवशी ती कामावर उशिरा गेली. ऊन अंगणात येईस्तोवर ती बंबापाशी बसून होती, मधूनमधून हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघत होती. आयटीवाला बिनअंघोळीचा गेला.

मी नंतर तिला म्हटलं, "बंबाला वरून तोंड उघडं असतं. तो काय तुझ्या बॉयलरसारखा फुटला नसता."

"नसता फुटला," ती म्हणाली. "पण तुमी वरून वाकले होते. न दिसणारी वाफ तुमच्या तोंडावर आली असती."

हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण वैशालीचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती मंडळीला सांगत होती आणि तिचा चेहरा नुसता उजळला होता. "काकू, पाहिलं का तुमी? माझा हात चिमट्याकडं गेलाच नाई पहिले. पहिले तोंड बोललं. तोंड पहिले बोललं काकू."

माझा बंब जळाला आणि ही हसत होती. डाख लावणारा पौडहून आणावा लागला.

होळीच्या आसपास ती पुन्हा मुंबईला गेली. या वेळी साडी नाही, रोजचा सलवार-कुडता. नमस्कार केला, तेव्हा मी आशीर्वाद द्यायच्या ऐवजी म्हणालो, "पाणी दिसंना." वाकलेल्या वाकलेल्या तिनं उत्तर दिलं.

परत आली ती पायरीवर बसली नाही. सरळ आत गेली आणि मंडळीजवळ पाटावर बसून सांगू लागली. मी बाहेर ओसरीवर होतो, पण ऐकू येत होतं.

मधले साहेब तेच होते. त्यांनी तिला ओळखलं असावं, कारण इतर काही न विचारता आधी तेच विचारलं. तिनं उत्तर दिलं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठीक. आता असं समजा, मालक तिथं आलेत. ते म्हणतात, बॅच खराब होईल, लाखाचा माल जाईल, सोड पाणी. मग?"

"मी म्हटलं, मालकालेही मागं करीन."

"त्यांनी ऐकलं नाही तर?" साहेबांनी पुढं विचारलं होतं.

"मी म्हटलं, सर, आमचे घरमालक आहेत. एकाहत्तर, बहात्तर वय. त्यांनी जल्मात कोणाचं ऐकलं नाई. त्यांच्या हातची कळशी मी खाली ठेववली. मालकाचं काय घेऊन बसले."

"मग?" मंडळीनं विचारलं.

"मंग काई नाई. हसले नाईत. लिहून घेतलं काहीतरी. बाजूचे साहेब म्हणाले, कोणते घरमालक? मी म्हटलं, भूगावचे."

मंडळी आत हसली ती थांबेना. मी ओसरीवरनं म्हणालो की माझं वय त्र्याहत्तर लागलंय, तेवढं तरी बराबर सांगायचं.

निकाल लागला तेव्हा भाताची आवणी चालू होती. मी खाचरात गुडघाभर चिखलात होतो. ती गाडी बांधाला लावून, बूट काढून, तशीच चिखलात उतरली आणि फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला. चष्मा घरी होता आणि अक्षरं इंग्रजी. मी म्हणालो, "काय हाय?"

"पास," ती म्हणाली. मग खाचरात पाहिलं आणि म्हणाली, "पाणी दिसते."

नवा बॉयलर आला. ताबा असलेल्या माणसानं भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहावं अशी मालकांची अट, म्हणून भाद्रपद संपता संपता तिनं आमची खोली सोडली. सामान थोडं होतं, एका टेम्पोत बसलं. मंडळीनं लोणच्याची बरणी दिली. लोणच्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला लोणचं देणं मला चमत्कारिक वाटलं, पण तिनं ते मांडीवर घेऊन नेलं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात. आम्हा दोघांना तिनं गाडी पाठवून बोलावलं. बॉयलरला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आमच्या घरापेक्षा मोठा होता. भिंतीवर चौकट होती. निवृत्त झालेले साहेब म्हणाले होते, चौकट माझीच राहू दे, काच नवी घाल. आतला कागद मला वाचता आला नाही, पण कागदावरचा फोटो ओळखता आला. डोक्याला रुमाल नव्हता, एवढंच.

बॉयलरच्या पुढं जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता. आम्ही त्याच्या अलीकडं उभे राहिलो. मी जरा पलीकडं पाय टाकला होता, नीट दिसावं म्हणून. तेवढ्यात मालकांबरोबर एक पाहुणे आत आले. चांगले कपडे, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांनी माळा बघितल्या, बॉयलर बघितला, मग भिंतीकडं बघितलं. वाकून नाव वाचलं.

"अच्छा. ये मॅडम किधर है?"

निळ्या कपड्यांतली बाई आमच्याकडं पाठ करून नळीपुढं उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. काचेत बघत होती.

"पाणी दिसते," ती म्हणाली. मग म्हणाली, "मीच आहे. पट्ट्याच्या मागं व्हा जी."

पाहुणे मागं झाले. मालकही झाले. मी माझा पाय उचलून अलीकडं घेतला. मंडळीनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी लवकर उठलो. बंब चिंचेनं घासून काढला, तोटीवरच्या नव्या डाखाला बोट लावून बघितलं. लाकडं रचली. काड्यापेटी सदऱ्याच्या खिशात होती, ती तिथंच राहू दिली. टाकीवर गेलो. वाटेत शेजारी फाटकाशी उभा होता, काहीतरी बोलला, मी थांबलो नाही. बादल्या आणल्या, बंबात ओतल्या आणि वाकून आत डोकावलो.

"पाणी दिसतंय," मी म्हणालो.

ओसरीवरनं मंडळी म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

"कुणाशी न्हाई."

"परीक्षेला बसायचं हाय का काय?"

मी पुन्हा एकदा आत बघितलं आणि मग काडी ओढली.